बिलगावचा दिवा आणि ‘स्वदेस’

आशुतोष गोवारीकर यांच्या ‘स्वदेस’ (२००४) या चित्रपटाची एक प्रेरणा नंदुरबार जिल्ह्यातील बिलगावची आहे. अमेरिकेहून परतलेले रवी कुचिमंची व अरविंदा पिल्ललमर्री हे दांपत्य तेथील जलविद्युत प्रकल्पाशी निगडित होते. चित्रपटातही अमेरिकेहून आलेला नायक झऱ्याच्या पाण्यावर वीज निर्माण करतो. दिवा लागताच उजळणारा म्हातारीचा चेहरा आम्हांला अविस्मरणीय वाटतो.

तथापि, पडद्यावर योजना, हिशेब आणि पैसा नायकाचा. गावाकडे उरतात ते केवळ कष्ट. बिलगावचे वास्तव निराळे होते. उदई नदीवरील १५ किलोवॉटचा तो प्रकल्प २००३ साली उभा राहिला तो आदिवासींच्या श्रमदानाने, नर्मदा बचाव आंदोलनाच्या संघटनशक्तीने आणि केरळहून आलेल्या तरुण अभियंत्यांच्या कौशल्याने. परदेशस्थांचे साहाय्य हा त्यातील एक वाटा होता.

२००६ साली सरदार सरोवराच्या पाण्यात हा प्रकल्प बुडाला. हा शेवट चित्रपटाला ठाऊक असणे शक्य नव्हते. परंतु धरणाचे सावट तेव्हाही होतेच. कथेत त्याचा मागमूस नाही. त्यामुळे गावातील अंधार केवळ गावाच्याच उदासीनतेचे फळ भासतो. चित्रपटाचे हे मोठे उणेपण होय.

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मुलांना ‘स्वदेस’ जरूर दाखवावा, आणि त्यासोबत बिलगावची हकीकतही सांगावी. सेवेला जाणाऱ्याने गावाचे ज्ञान आणि गावाचा लढा, दोन्ही जाणून घ्यावेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.