शिशाची गोळी, ठासणीची रायफल आणि वरच्या थरातली मिरची

नंदुरबारच्या बाजारात लाल मिरची यायला लागली की जाणता व्यापारी काय करतो, हे लहानपणापासून बघत आलेय. ढिगाच्या वरची मिरची तो बघून न बघितल्यासारखी करतो आणि हात आत घालून खालची मूठ काढतो. वरचा थर निवडून मांडलेला असू शकतो, हे त्याला ठाऊक असतं. ज्या पुराव्यावर आज मला टीका करायची आहे, तो असाच वरच्या थरातला आहे.

माझं काम शिसे आणि अँटिमनीच्या मिश्रधातूंवर. त्या निमित्ताने एक वेगळंच साहित्य वाचनात आलं: मोठ्या नळीच्या रायफलमध्ये अचूक नेमासाठी ओतीव शिशाची गोळी कशी निवडायची. (आपल्याकडे शस्त्र अधिनियम, 1959 आहे, त्यामुळे हा प्रयोग वाचायचा, करायचा नाही.) विषय तुमच्या कामाचा नाही असं वाटेल. पण एवढ्या साध्या वस्तूत इतके बदलते घटक एकत्र आलेले मला दुसरीकडे क्वचितच दिसले.

आधी गोळीबद्दल. शुद्ध शिसे फार मऊ, ब्रिनेल मापावर साधारण 5. त्यात कथील किंवा अँटिमनी मिसळली की ते कडक होतं. पण कडक म्हणजे चांगलं, असं नाही. गोळीने नळीतले आटे घट्ट धरले पाहिजेत. बारीक पडली तर मागचा गरम वायू बाजूने निसटतो, शिसे वितळवतो आणि नळीला चिकटवतो. म्हणून कडकपणापेक्षा आधी व्यास बघायचा, आणि तोही साच्यावर कोरलेला नाही, तर हातातल्या गोळीचा आणि हातातल्या नळीचा. आत पोकळी राहिली की वजन एका बाजूला झुकतं. बूड सरळ नसेल तर नळीतून बाहेर पडताना वायू एका बाजूने आधी सुटतो. आणि गोळी जितकी लांब, तितका नळीचा पीळ जास्त लागतो. हे सगळं पटण्यासारखं आहे. माझी तक्रार पुढे सुरू होते.

‘अमुक मिश्रधातू सर्वात अचूक’ असं सांगणारा बहुतेक वेळा पुरावा म्हणून कागदावरची तीन छिद्रं दाखवतो, आणि त्यांतल्या सर्वात दूरच्या दोन छिद्रांमधलं अंतर म्हणजे निकाल. हे माप तपासायला बंदूक लागत नाही, लॅपटॉप पुरतो. दोन्ही दिशांना सारखंच विखुरणारे यादृच्छिक बिंदू घ्या, प्रमाण विचलन 1 ठेवा. तीन-तीन बिंदूंचे गट केले तर सर्वात दूरच्या दोन बिंदूंमधलं अंतर सरासरी 2.4 येतं. दहा-दहाचे केले तर 3.8. गोळी तीच, रायफल तीच, फक्त गट मोठा केला आणि ‘अचूकता’ बिघडली! त्यातही तीनच्या गटांचे आकडे आपापसात सुमारे 37 टक्के हलतात. असे दहा गट मारून सर्वात लहान तेवढा दाखवला, तर तो सरासरीच्या निम्म्यावरही येऊ शकतो. दोन मिश्रधातूंमधला खरा फरक 15 टक्के असेल तर या पद्धतीने तो दिसणारच नाही; आणि फरक मुळीच नसेल तरी दिसेल.

आता गंमत बघा. एकोणिसाव्या शतकातले लोक यात आपल्यापेक्षा शहाणे होते. 1857 मध्ये इंग्लंडमध्ये हाइथला एनफील्ड आणि व्हिटवर्थ या दोन रायफलींची तुलना झाली. तिथे सर्वात लहान गट दाखवला नाही; मध्यापासून प्रत्येक गोळी किती सरकली, त्याची सरासरी काढली. 500 यार्डांवर एनफील्ड 2.24 फूट, व्हिटवर्थ 0.37 फूट. 1100 यार्डांवर 8.04 आणि 2.62. या मापात प्रत्येक गोळीची माहिती वापरली जाते, फक्त टोकाच्या दोघींची नाही. आजही हेच वापरावं असं माझं मत आहे.

पण याच तक्त्याची दुसरी बाजू कमकुवत आहे. हे आकडे देऊन ‘बारीक आणि लांब गोळी श्रेष्ठ’ असं सांगितलं जातं. एनफील्डची नळी 0.577 इंच, तर व्हिटवर्थची 0.451. एनफील्डचा पीळ 78 इंचांत एक फेरा, व्हिटवर्थचा 20 इंचांत एक. एकीला तीन आटे, तर दुसरीची नळी षटकोनी. व्यास, पीळ, नळीचा आकार, गोळीचा आकार, सगळं एकाच वेळी बदललंय! या तक्त्यावरून ‘व्हिटवर्थ ही रायफल एनफील्डपेक्षा सरस’ एवढंच म्हणता येतं. श्रेय गोळीला की पिळाला, याचं उत्तर त्यात नाही. पेट-सेटच्या तयारीत ‘गोंधळ घालणारे चल’ पाठ केले असतील, ते हेच.

एनफील्ड आपल्या इतिहासात काडतुसावरच्या चरबीमुळे आली, आणि ते योग्यच. लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न होता. मात्र त्याच काडतुसातल्या शिशाची गोष्ट आपण वाचत नाही. ही ठासणीची रायफल. गोळी तोंडाकडून आत सरकवायची, म्हणून ती नळीपेक्षा बारीक हवी. आणि दारू पेटल्यावर फुगून आटे धरायचे, म्हणून ती मऊ हवी. सुरुवातीची गोळी 0.568 इंचांची, म्हणजे नळीत मोकळी जागा जेमतेम 0.23 मिलिमीटर. इंग्लंडच्या चाचण्यांत हे चाललं. इथल्या उन्हात, काही फैरी झाडल्यावर, नळीत साठलेल्या काजळीमुळे गोळी खाली उतरेना. उठावानंतर व्यास 0.55 इंचांवर आणला, म्हणजे मोकळी जागा तिप्पट केली. चरबीच्या जागी मेण आलं. कागदावर बघितलं तर हा अचूकतेच्या विरुद्ध निर्णय. पण नळीत उतरतच नाही त्या गोळीची अचूकता कुठे मोजणार? केंटच्या दमट हवेतला निष्कर्ष बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात चालेलच असं नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी मेमध्ये ज्याने काम केलंय, त्याला हे वेगळं समजवायला नको.

एका घटकावर बोट ठेवायचं तर काय करावं लागतं, हे फ्रँकलिन मान या अमेरिकन माणसाने दाखवलं. शिक्षणाने डॉक्टर, नाद गोळ्यांचा. कित्येक वर्षांचे प्रयोग त्याने 1909 मध्ये ‘द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टू टार्गेट’ या पुस्तकात मांडले. चांगली गोळी शोधत बसण्याऐवजी त्याने गोळ्या मुद्दाम बिघडवल्या, कधी टोक, कधी बूड. टोक बिघडवल्याने फार बिघडत नाही, बूड बिघडवल्याने खूप बिघडतं, हे त्यातून निघालं. पुस्तक वाचायला त्रासदायक आहे, नीट रचलेलं नाही, फसलेले प्रयोगही तपशिलाने दिलेत. मला तोच त्याचा गुण वाटतो, कारण ढिगाच्या तळाची मिरचीही तो बाहेर काढून दाखवतो.

आजचे नेमबाज काय करतात? 50 मीटर रायफलची गोळीही शिशाचीच, फक्त बारीक, 5.6 मिलिमीटरची, दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं. ज्या प्रकारात कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं, त्या पातळीवर रायफल शिकंज्यात पकडून काडतुसांच्या वेगवेगळ्या लॉटची चाचणी घेतात. कारखाना एक, डब्यावरचं नाव एक, तरी लॉट बदलला की निकाल बदलतो. म्हणजे ‘कोणती गोळी चांगली’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या नळीत, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

हे सगळं इतक्या तावातावाने लिहितेय, कारण गेल्या वर्षी मी स्वतः हेच केलं होतं. पाच मिश्रधातूंचा कडकपणा मोजला, सुबक चढता आलेख काढला, लेखाचा मसुदाही तयार. सेमिनारमध्ये एका ज्युनिअरने विचारलं, “ताई, एका नमुन्यावर एकूण ठसे किती घेतले?” मी म्हटलं, तीन. तिने पुन्हा विचारलं, “एकूण?” एका नमुन्यावर अकरा घेतले होते. ‘नीट न आलेले’ आठ मी काढून टाकले होते, आणि नीट म्हणजे काय, ते ठसे बघितल्यावर ठरवलं होतं. शिवाय शिसे-अँटिमनी ओतल्यानंतर काही दिवस कडक होत जातं. कोणता नमुना कोणत्या दिवशी ओतला, याची वहीत नोंदच नव्हती.

मसुदा थांबवला. सगळे नमुने पुन्हा ओतले, तारीख टाकली, प्रत्येकी वीस ठसे, एकही वगळला नाही. पाचपैकी दोन मिश्रधातू एकमेकांपासून वेगळे दाखवता आले नाहीत. आलेख आता तितका सुबक दिसत नाही, आणि गाईडनी तोच ठेवायला सांगितलाय.