खेळातील लिंबूटिंबू

लपंडाव खेळताना धाकट्या भावंडास 'लिंबूटिंबू' म्हणून घेण्याची चाल आपल्याकडे घरोघर आहे. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बादही होत नाही. धावावयाचे मात्र सर्वांबरोबर. चार दिवसांत त्या पोरास हा प्रकार उमगतो, आणि मग ते जे रडू लागते ते कोणत्याही खाऊने थांबत नाही. त्यास खेळातून कोणी काढलेले नसते. आपण खेळल्याने खेळात काही फरक पडत नाही, एवढेच त्यास कळलेले असते. पाश्चात्त्य देशांत गेल्या काही दशकांत वाढीस लागलेल्या एका कलाप्रकाराचा विचार करताना आम्हांस या रडण्याची वारंवार आठवण झाली.

हा प्रकार म्हणजे 'लाइव्ह अ‍ॅक्शन रोलप्लेइंग', संक्षेपाने 'लार्प'. इंग्लंडात १९८२ साली चेशायर परगण्यातील पेकफर्टन किल्ल्यात 'ट्रेझर ट्रॅप' नावाचा असा खेळ सुरू झाला. पुढे जर्मनी, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड या देशांत त्यास निरनिराळी रूपे आली. प्रत्येकाने एक भूमिका घ्यावयाची, तिला साजेसा पोशाख करावयाचा, आणि काही तास किंवा दोन-तीन दिवस त्या व्यक्तीप्रमाणे बोलावयाचे, वागावयाचे. संवाद लिहिलेले नसतात. आमच्या कोकणातील दशावतारी नटही आयत्या वेळी भाषणे रचतात, हे वाचकांस ठाऊक आहेच. परंतु दशावतारापुढे गाव बसलेला असतो. लार्पमध्ये प्रेक्षक म्हणून कोणी नसतोच. सारे दोष आणि सारे गुण या एका गोष्टीत आहेत.

नाटकातील भालदार घ्या. त्याच्या वाट्यास एखादेच वाक्य येते, तेही कित्येकदा टाळ्यांत बुडते. तरीही तो दुःखी नसतो. कारण तो लोकांस दिसतो, आणि आपला वाटा किती हे त्यास तालमीपासून ठाऊक असते. लार्पमधील लोहाराची स्थिती याहून वाईट आहे. आतल्या महालात राजावर विषप्रयोग होत असता हा बाहेर अंगणात ऐरणीपाशी उभा असतो. रात्री जेवताना त्यास बातमी कळते. नाटक त्याने केले नाही आणि पाहिलेही नाही! या दोन दिवसांसाठी त्याने महिनाभर जागून पोशाख शिवलेला असतो, वर्गणी भरलेली असते, नोकरीतून रजा काढलेली असते. हौसेने केलेल्या खर्चाची हळहळ इतरांस क्षुल्लक वाटते; ज्याची त्यास वाटत नाही.

यावर असे म्हणण्यात येते की, दोष त्या लाजाळू गृहस्थाचाच. त्याने पुढे व्हावे. यात तथ्य नाही असे नाही. परंतु भूमिका लिहिणाऱ्याने एकास गादीवरील हक्क, बंधूचा खून आणि एक गुप्त पत्र दिले, व लोहारास 'प्रामाणिक व कष्टाळू' एवढेच लिहून दिले, तर पुढे होऊन त्याने करावे काय? प्रामाणिकपणा हा सद्गुण खरा, पण ते काही कथानक नव्हे.

ही उणीव तेथील जाणत्यांच्या ध्यानी आलेली आहे. १९९९ साली एरिक फाटलंड व लार्स विंगोर या नॉर्वेतील दोघा लेखकांनी 'डॉग्मा ९९' हा जाहीरनामा काढला. डेन्मार्कमधील चित्रपटकारांच्या १९९५च्या जाहीरनाम्याचे वळण त्यास आहे. खेळास मुख्य कथानक नसावे, आणि कोणतीही भूमिका केवळ दुसरीस आधार देण्यापुरती नसावी, असे त्याचे दोन नियम. हे नियम आम्हांस मनापासून पटतात. परंतु खेळ सुरू झाल्यावर लेखकांनी त्यात हात घालू नये, असाही नियम त्याच यादीत आहे! म्हणजे समान वाटणी झाली ती कागदावर. प्रत्यक्षात भिंती आड आल्या, वेळ चुकली, कोणी एक दालनाबाहेर राहिला, तर त्यास बोलावून आणावयाचे कोणी? कलेच्या शुद्धतेपुढे या माणसाचा विचार मागे पडला असे आम्हांस वाटते.

याहून आम्हांस इंग्लंडातील 'एम्पायर' या खेळाची युक्ती अधिक आवडते. २०१३पासून चाललेल्या या खेळात माणसे हजारोंनी जमतात, आणि शनिवारी व रविवारी लढाया होतात. एके दिवशी जे वीर म्हणून लढतात, ते दुसऱ्या दिवशी इतरांसाठी शत्रू होतात. पुनःपुन्हा मरून पुनःपुन्हा उठतात. यात तत्त्वज्ञान काही नाही, सोयच आहे. पण त्या मरण्याची कोणास तरी गरज असते, आणि ती मरणाऱ्यास ठाऊक असते. हरवलेला भालदार येथे परत आला, असे आम्ही म्हणू.

एक प्रश्न मात्र अवघड आहे. भूमिकाच बहिष्कृताची असेल तर? सोंगातील भावना सोंग घेणाऱ्याच्या मनात पाझरते. त्या मंडळींत यास 'ब्लीड' म्हणतात. एकटा बसलेला तरुण भूमिकेमुळे एकटा आहे की खरोखरीच एकटा पडला आहे, हे त्याचे त्यासही पुष्कळदा सांगता येत नाही. आमची कसोटी साधी आहे: तो उठून गेला तर कोणाच्या वागण्यात फरक पडेल काय? ज्यास सारा गाव हिणवतो तो बहिष्कृत खेळाच्या मध्यभागीच असतो. त्याच्यावाचून गावास हिणवावयास कोणी उरत नाही. ज्यास हिणवावयासही कोणास सवड नाही, त्याची गोष्ट निराळी.

खेळ संपल्यावर पोशाख उतरवून मंडळी एकत्र बसतात व आपापले अनुभव सांगतात, अशी उत्तरेकडील देशांत चाल आहे. राजाचा खुनी बोलतो, राणी बोलते, पत्र चोरणारा हसत हसत कबुली देतो. मग लोहाराची पाळी येते, आणि तो म्हणतो, ऐरण फार चांगली होती.