अन्नविकारांची मोजपट्टी : फिजी आणि हाँगकाँग येथील दोन अभ्यास

निरनिराळ्या समाजांतील अन्नविकारांची चर्चा निघाली की अ‍ॅन बेकर यांच्या फिजीतील अभ्यासाचा दाखला हटकून दिला जातो. नद्रोगा प्रांतात १९९५ साली दूरचित्रवाणीचे आगमन झाले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत बेकर यांनी ६३ शाळकरी मुलींची प्रश्नावलीद्वारा पाहणी केली आणि १९९८ साली ती पुन्हा ६५ मुलींवर केली. चिंताजनक गुण मिळालेल्यांचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले. वजन घटविण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणाऱ्या पहिल्या खेपेस एकही नव्हत्या, दुसऱ्या खेपेस ११.३ टक्के होत्या.

हे आकडे बोलके आहेत. परंतु दोन्ही खेपेच्या मुली वेगळ्या होत्या, आणि प्रश्नावलीतील गुण म्हणजे रोगनिदान नव्हे, हे दाखला देणारे बहुधा विसरतात. आमच्या मते या अभ्यासाचे खरे मोल त्यातील मुलाखतींत आहे. ज्या समाजात भरलेले अंग हे आप्तांनी घेतलेल्या काळजीचे चिन्ह मानले जाई, तेथील मुली सडपातळपणाचा संबंध नोकरीशी आणि पुढे येण्याशी जोडू लागल्या होत्या. यास केवळ नटवेपणा म्हणून बाजूस सारता येणार नाही.

मूळ प्रश्न मोजपट्टीचा आहे. ही प्रश्नावली कॅनडात गार्नर आणि गारफिंकेल यांनी १९७९ साली तयार केली व १९८२ साली ती २६ विधानांपुरती आटोपशीर झाली. लठ्ठपणाची भीती हा तिचा कणा आहे. जेथे ती भीती बोलून दाखविली जात नाही तेथे ही पट्टी आंधळी ठरते. सिंग ली यांनी १९९३ साली हाँगकाँगमधील ७० रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यांपैकी ४१ जणांनी अशी भीती सांगितलीच नाही. पोट फुगते, भूकच लागत नाही, असे ते सांगत. गंमत अशी की ‘अ‍ॅनोरेक्सिया’ या शब्दाचा अर्थच मुळी भूक नसणे असा आहे. म्हणजे ज्यांना नाव शब्दशः लागू पडते तेच व्याख्येबाहेर राहिले! रुग्ण भीती लपवीत असतील, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. हाँगकाँगमध्ये पुढे लठ्ठपणाची भीती सांगणाऱ्यांचे प्रमाण वाढलेही. तथापि १८७३ साली गल आणि लासेग यांनी या रोगाचे वर्णन केले तेव्हा त्यांनीही या भीतीस मध्यवर्ती स्थान दिले नव्हते, हे विसरून चालणार नाही.

पुरुषांच्या बाबतीतही तेच. रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ साली वर्णिलेल्या दोन रुग्णांपैकी एक मुलगा होता. तरीही ऋतुलोपाची कसोटी अमेरिकन मनोविकारसंहितेतून २०१३ पर्यंत हटली नाही.

आपल्याकडे हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. भारतातून १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या खंडेलवाल व सहकाऱ्यांच्या लेखातील पाचही तरुणींमध्ये अन्ननकार होता, वजनातील घट होती. परंतु स्वतःच्या देहाविषयीची विपरीत कल्पना आढळली नाही. आता ‘भूक असूनही मी खाणे टाळते’ हे विधान एकादशी करणाऱ्या बाईपुढे ठेवले तर ती निःशंकपणे होकार देईल, आणि तिला रोगी ठरविणे हास्यास्पद होईल. उलटपक्षी, उपासाच्या आड एखादी मुलगी महिनोन्‌महिने झिजत असेल आणि घरचे तिच्या व्रतस्थपणाचे कौतुक करीत असतील, हेही संभवते. दोहोंतील फरक गुणसंख्येवरून कळणार नाही. द्वादशीस पारणे होते की तेही टळते, हे मात्र विचारता येईल. मराठी प्रश्नावली करू पाहणाऱ्या संशोधकाने इंग्रजी विधानांचे भाषांतर करण्यापूर्वी, ‘अन्नावरची वासना उडाली’, ‘घास घशाखाली उतरत नाही’ असे सांगत पोटाच्या तक्रारीसाठी दवाखान्यात येणाऱ्या मुलींचे शब्द आधी टिपून घ्यावेत.