‘मित्राची गोष्ट’ आणि नियमाची भाषा

विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकाच्या नावातच व्याकरणाचा एक पेच आहे. ‘मित्र’ या पुल्लिंगी नामाचे आणि ‘मित्रा’ या स्त्रीच्या नावाचे षष्ठीचे रूप मराठीत एकच होते. नायिका सुमित्रा देव हिला महाविद्यालयात ‘मित्रा’ म्हणतात. गोष्ट तिची आहे, आणि ती सांगणाऱ्या बापूच्या एका मित्राचीही आहे. विभक्तीचा प्रत्यय येथे लिंग सांगत नाही. ते सांगितलेच पाहिजे हा आग्रह भोवतालच्या माणसांचा आहे, आणि नाटकातील यातनेचा उगम त्या आग्रहात आहे.

१९८१ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाविषयी बोलताना विषयाचे धाडस आणि रोहिणी हट्टंगडी यांनी साकारलेली मित्रा, या दोन गोष्टींचा उल्लेख प्रथम होतो. तो योग्यच आहे. परंतु हे नाटक एका महाविद्यालयाचेही नाटक आहे, याकडे पुरेसे लक्ष जात नाही. प्रस्तुत टिपणात ते त्या दृष्टीने वाचण्याचा आणि त्याच्या शेजारी आजच्या नियमांची भाषा ठेवून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

नाटकाचा काळ स्वातंत्र्यपूर्व आहे. महाविद्यालयीन नाटकात मित्रा पुरुषाची भूमिका करते, नमा नायिका होते, आणि त्या तालमींतून मित्राचे नमावरील प्रेम आकार घेते. रंगमंचावर जे रूप टाळ्या मिळविते, तेच रंगमंचाखाली उतरताच अपराध ठरते. माटुंग्याच्या वाचकाला ही विसंगती समजावून सांगण्याची गरज नाही. येथे रुईया, पोदार, खालसा ही महाविद्यालये आणि यशवंत नाट्यमंदिर एकाच परिसरात नांदतात. एकांकिकेच्या तालमीत आपले खरे बोलणे प्रथम सापडले, असे अनुभवणारे विद्यार्थी या परिसराला नवे नाहीत.

पुढील घटनाक्रम नीट पाहावा. मित्राचे खाजगी पत्र दळवीच्या हाती पडते आणि त्याचे शस्त्र होते. भेटीसाठी खोली देणारा बापू स्वतः संकटात येतो आणि अखेरीस मैत्री तोडतो. नमा डळमळते. मित्रा आत्महत्या करते. हा शेवट अटळ आहे, असे नाटक सुचवीत राहते. प्रकृतीच अशी, म्हणून दैवही असे, हा त्याचा ध्वनी आहे, आणि येथेच नाटकाशी मतभेद नोंदविणे भाग आहे. कारण तेंडुलकरांनी स्वतः रचलेली साखळी या अटळतेला साक्ष देत नाही. पत्र लंपास होणे, त्याची धमकी होणे, कुजबुज पसरणे, सोबत्याने पाठ फिरविणे, यांतील प्रत्येक दुवा माणसाने केलेली कृती आहे, आणि प्रत्येक दुव्यापाशी कोणीतरी ‘थांबा’ म्हणू शकले असते. नाटककाराच्या निरीक्षणाने नाटकाच्या सुचविलेल्या तात्पर्यावर मात केली आहे, आणि कृतीचे मोठेपणही तेथेच आहे.

आता ‘थांबा’ म्हणणाऱ्या नियमांकडे वळू. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी अधिनियम १९९९ चा. शारीरिक अथवा मानसिक इजा, भीती, लज्जा हे शब्द त्यात आहेत. लैंगिक कलाचा उल्लेख नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या आपल्या नियमावलीत २०१६ साली जी तिसरी दुरुस्ती केली, तिच्यात मात्र जात, धर्म, वर्ण, भाषा यांच्या जोडीला तृतीयपंथी असणे आणि लैंगिक कल ही दोन कारणे आली, आणि छळाच्या अर्थात वगळण्याचा, म्हणजे वाळीत टाकण्याचाही समावेश झाला. मित्राच्या बाबतीत घडते ते नेमके हेच. नाटकाने १९८१ मध्ये दाखविलेली जखम नियमाला शब्दरूपाने दिसण्यास पस्तीस वर्षे लागली.

तथापि त्या वाक्याची घडण बारकाईने वाचली, तर तिची मर्यादाही दिसते. छळ ‘दुसऱ्या विद्यार्थ्याचा’ असे तेथे म्हटले आहे. करणाराही विद्यार्थीच गृहीत आहे. मग संस्थाच जेव्हा करणारी होते, तेव्हा काय?

या प्रश्नाचे उत्तर मराठीच्या प्राध्यापकाच्या चरित्रात आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवीत. ते कवी होते. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या राहत्या घरात शिरून त्यांचे खाजगी जीवन चित्रित करण्यात आले. घुसखोरी त्यांच्यावर झाली, आणि निलंबनही त्यांचेच झाले. १ एप्रिल रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनास स्थगिती दिली. ७ एप्रिल रोजी ते मृतावस्थेत आढळले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की दिल्ली उच्च न्यायालयाच्या २ जुलै २००९ च्या निर्णयानंतर हे घडले. प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्हा नव्हेत, असे तो निर्णय म्हणत होता. म्हणजे कायदा अनुकूल झाला होता; कार्यालय झाले नव्हते. अध्यापकाची ही गत, तर वसतिगृहातील अठरा वर्षांच्या मुलाने कोणाच्या भरवशावर तोंड उघडावे?

त्यानंतर २०१४ च्या नालसा निर्णयाने तृतीयपंथी व्यक्तींची ओळख मान्य केली, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंह जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ चा तो भाग रद्द केला. त्या वेळी न्यायालयापुढे आलेल्यांत आयआयटींचे आजी-माजी विद्यार्थीही होते. २०१९ च्या अधिनियमाने शिक्षणसंस्थांना तृतीयपंथी व्यक्तींशी भेदभाव करण्यास मनाई केली. तेथे संस्था हीच कर्ता आहे. पण समलिंगी विद्यार्थी तृतीयपंथी नसेल, तर तो या अधिनियमाच्या बाहेर राहतो. आणि त्याला त्रास देणारा सहाध्यायी नसून रेक्टर असेल, तर २०१६ च्या दुरुस्तीच्याही बाहेर. दोन नियमांच्या मधली ही फट आहे. शासकीय संस्थेवर संविधान बंधनकारक आहे, हे खरे. परंतु त्याचा आधार घेण्यासाठी विद्यार्थ्याने उच्च न्यायालयाची पायरी चढावी, ही अपेक्षा व्यवहार्य नव्हे.

याहूनही खोल अडचण नाटकाने दाखविली आहे. तक्रार करणे म्हणजे स्वतःला उघड करणे. आणि मित्राचा नाश पत्र उघड होण्यातूनच सुरू होतो. तेव्हा ज्या नियमाचे दार केवळ तक्रारीने उघडते, तो या विद्यार्थ्याला पुरेसे संरक्षण देऊ शकत नाही. संमतीवाचून कोणाचे खाजगी जीवन इतरांस कळविणे, मग ते पालकांस का असेना, हाच स्वतंत्र अपराध मानला पाहिजे. संस्थेचे अधिकारी आणि अध्यापक यांनाही नियमाने कर्ता म्हणून नाव घेऊन बांधले पाहिजे. आणि तक्रारकर्त्याने आपली ओळख सिद्ध करावी, ही अट कोठेही असता कामा नये. छळ झाला, एवढे पुरे.

व्हीजेटीआय आणि रसायन तंत्रज्ञान संस्था यांची वसतिगृहे याच माटुंग्यात आहेत. महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून मुले तेथे येतात. घरापासून दूर आलेल्या अशा मुलामुलींना खोलीचे दार लावून घेता येईल, आणि ते दुसऱ्या कोणी बाहेरून उघडणार नाही, एवढी हमी कोणत्याही सार्वजनिक संस्थेने द्यावयास हवी. अभ्यासकांचे कामही यात आहे. नियमांना मराठीत नीट शब्द देणे आणि अभ्यासक्रमात ‘मित्राची गोष्ट’ शिकविताना तिचा शेवट दैवाच्या खाती न मांडणे, हे मराठी विभागांनीच करावयाचे आहे. बापू वाईट माणूस नव्हता. त्याच्या पाठीशी कोणी उभे नव्हते. नियमाचे प्रयोजन बापूसारख्यांना पाठबळ देणे हेही असते, एवढे या नाटकातून शिकता आले तरी पुष्कळ झाले.