व्हॅनेव्हर बुश यांचे मेज आणि आपले दुवे

जुलै १९४५ मध्ये ‘अटलांटिक मंथली’ या अमेरिकी मासिकात ‘ॲज वी मे थिंक’ या नावाचा एक दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. लेखक होते व्हॅनेव्हर बुश. हे विद्युत अभियंते. युद्धकाळात अमेरिकेच्या वैज्ञानिक संशोधन व विकास कार्यालयाचे ते प्रमुख होते आणि सुमारे सहा हजार शास्त्रज्ञांच्या कामाची सांगड घालण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. हिरोशिमावर बॉम्ब पडायला अजून महिनाभर अवकाश होता. युद्ध संपल्यावर या शास्त्रज्ञांनी कोणते काम हाती घ्यावे, हा निबंधाचा विषय. बुश यांचे उत्तर थोडक्यात असे, की ज्ञानाचा साठा भराभर वाढतो आहे, पण त्यातून हवे ते शोधून काढण्याची साधने मात्र जुनीपुराणीच राहिली आहेत; ती सुधारण्याच्या मागे लागावे.

संगणकाच्या इतिहासात या निबंधाचा उल्लेख महाजालाचे पहिले भाकीत असा केला जातो. हे वर्णन मला अर्धेच खरे वाटते. बुश यांनी जे रेखाटले त्यातला एक भाग आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये आला आहे. दुसरा, आणि शिक्षकाच्या दृष्टीने अधिक मोलाचा, भाग वाटेतच गळून पडला आहे. विषय-शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर रोज जे दुवे येऊन पडतात, ते पाहताना हा निबंध पुन्हा काढून वाचावासा वाटतो तो याच कारणासाठी.

बुश यांनी कल्पिलेल्या यंत्राचे नाव ‘मेमेक्स’. हे दिसायला एक लिहिण्याचे मेज आहे. वर दोन तिरके पडदे, एक कळफलक, काही बटणे आणि तरफा. मेजाच्या पोटात मायक्रोफिल्मवर उतरवलेली पुस्तके, नियतकालिके, पत्रे, टिपणे. (फिल्मच्या आकुंचनाविषयी बुश फार उत्साही आहेत, सबंध ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ काडेपेटीएवढ्या जागेत मावेल, असा त्यांचा हिशेब होता.) मेजाची खरी करामत मात्र साठवणीत नाही. दोन पडद्यांवर दोन पाने शेजारी शेजारी आणायची आणि एक कळ दाबून ती कायमची जोडून टाकायची. मग तिसरे पान, चौथे पान. अशी जी मालिका तयार होते तिला बुश ‘ट्रेल’ म्हणतात. आपण पायवाट म्हणू.

पायवाटेचे त्यांनी दिलेले उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. मेमेक्सच्या मालकाला धनुष्यबाणाच्या इतिहासात रस आहे. क्रुसेडच्या चकमकींत आखूड तुर्की धनुष्य इंग्रजांच्या लांब धनुष्याला वरचढ का ठरले असावे, हा त्याचा प्रश्न. तो आधी विश्वकोशातली नोंद काढतो. ती त्रोटक निघते, पण पडद्यावर राहू देतो. मग एका इतिहासग्रंथातले पान सापडते, ते तो नोंदीला जोडतो. मधूनमधून स्वतःचे शेरे घालतो. धनुष्याच्या गुणांचा संबंध त्याच्या द्रव्यांच्या स्थितिस्थापकतेशी आहे हे ध्यानात आल्यावर एक आडवाट फुटते. ती त्याला भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांकडे आणि स्थिरांकांच्या कोष्टकांकडे नेते. शेवटी स्वतःच्या हस्ताक्षरात केलेल्या विश्लेषणाचे एक पानही तो वाटेत घालतो. काही वर्षांनी एका मित्राशी बोलताना विषय निघतो, की लोक नव्या गोष्टींना विरोध का करतात. आपल्या गृहस्थाला धनुष्य आठवते. तो मेजाशी जाऊन ती जुनी पायवाट उघडतो, तिची छायाप्रत काढतो आणि मित्राच्या हाती देतो. मित्र ती आपल्या मेमेक्समध्ये घालून स्वतःच्या पायवाटांना जोडतो.

दुवा देण्याचे याहून चांगले वर्णन मी वाचलेले नाही. मित्राला काय काय मिळाले ते पाहा. मूळ पाने मिळाली, त्यांचा क्रम मिळाला, शेरे मिळाले आणि हाताने लिहिलेले गणितही मिळाले. पाठवणाऱ्याने काय वाचले, कशावर विश्वास ठेवला आणि कोठे स्वतःची भर घातली, हे सर्व उघडे आहे. म्हणूनच त्यात चूक असेल तर तीही पकडता येते.

आणि येथे चूक असण्याचा संभव आहे. इंग्रज लांब धनुष्याची गाजलेली कामगिरी क्रेसी (१३४६) आणि अजिंकूर (१४१५) या फ्रान्समधील लढायांतली. पॅलेस्टाइनमधले क्रुसेडवाल्यांचे अखेरचे मोठे ठाणे अक्का तर १२९१ मध्येच पडले होते. तेव्हा क्रुसेडच्या रणांगणावर या दोन धनुष्यांची तुलना कितपत योग्य, अशी शंका जाणकार मित्र घेईलच. त्याला फक्त त्या इतिहासग्रंथाच्या पानापर्यंत मागे जायचे आहे. स्थितिस्थापकतेची आडवाट मात्र पक्की आहे. धनुष्य वाकवले की त्याची नेमबाजाकडील बाजू दाबली जाते आणि पलीकडची बाजू ताणली जाते. तुर्की धनुष्यात आतल्या बाजूला दाब सोसणारे शिंग, बाहेरच्या बाजूला ताण सोसणारे स्नायुरज्जूंचे तंतू आणि मध्ये लाकूड, असे तीन थर सरसाने चिकटवलेले असत. इंग्रज धनुष्य यू नावाच्या वृक्षाच्या एकाच फळीचे, पण त्यातही आत गाभ्याचे लाकूड आणि बाहेर सालीलगतचे लाकूड, अशी निसर्गानेच केलेली विभागणी वापरलेली असे. अकरावीच्या वर्गात प्रतिबल आणि विकृती शिकवताना याहून रंजक उदाहरण मिळणे कठीण. एकाच पायवाटेचा एक टप्पा संशयास्पद आणि दुसरा भक्कम, हे आपल्याला कळू शकते, कारण टप्पे सुटे सुटे दिसतात.

आता आजचा दुवा घ्या. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या प्रयोगशाळेत महाजालाचा प्रस्ताव मांडला. त्यातला दुवा एकेरी होता. एका पानाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचे. दुसऱ्याला त्याची खबर असण्याचे कारण नाही. ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द ज्यांनी रूढ केला त्या टेड नेल्सन यांना हे पसंत नव्हते. १९६० पासून ते घोळवत असलेल्या ‘झनाडू’ या योजनेत दुवा दोन्ही टोकांना दिसणारा आणि न तुटणारा हवा होता. नेल्सन यांचा आग्रह तत्त्वतः बरोबर होता; पण तशी व्यवस्था सांभाळायला सर्वांनी एकाच शिस्तीत राहावे लागते. एकेरी दुव्याला कोणाची परवानगी लागत नाही, म्हणूनच महाजाल जगभर पसरले. या सोयीची किंमत अशी, की दुवा पान देत नाही, केवळ पानाचा पत्ता देतो. घर पाडले तरी पत्ता कागदावर तसाच राहतो.

ही किंमत किती मोठी आहे याचा अंदाज आता आला आहे. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली महाजालावर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर सापडत नव्हती. इंग्रजी विकिपीडियाच्या ५४ टक्के लेखांत संदर्भांच्या यादीतला निदान एक तरी दुवा मेलेला होता. पत्ते आखूड करून देणाऱ्या सेवांनी यात आणखी भर घातली. गूगलने अशी सेवा २००९ मध्ये सुरू केली, २०१९ मध्ये नवे पत्ते देणे थांबवले आणि पुढे सर्वच जुने पत्ते ऑगस्ट २०२५ पासून बंद करण्याचे जाहीर केले. ओरड झाल्यावर वापरात असलेले पत्ते राहू दिले, एवढेच. आखूड पत्त्यावरून मूळ पान कोणाचे होते हेसुद्धा कळत नाही. म्हणजे पत्ता मेला की शोधायचे काय, हाही प्रश्नच.

बुश यांना या अडचणी दिसल्या नाहीत, कारण त्यांच्या मेजात सर्व पाने मालकाच्या स्वतःच्या मालकीची होती. त्या फिल्म कोण विकणार, पुस्तकाची सुधारित आवृत्ती आली तर जुन्या पायवाटेचे काय करायचे, हे प्रश्न त्यांनी ओलांडून टाकले आहेत. (निबंधात स्त्रिया दिसतात त्या केवळ कळा दाबणाऱ्या मुली म्हणून, हाही त्या काळाचा एक शेरा.) दुसरी एक गोष्ट तर त्यांच्या अगदी उलट घडली. वर्णानुक्रमाची सूची हे कृत्रिम आणि गैरसोयीचे साधन आहे, मन तसे चालत नाही, ते एका गोष्टीवरून दुसरीवर उडी घेते, असे त्यांचे म्हणणे. प्रत्यक्षात महाजालावर राज्य केले ते सूचीनेच. शोधयंत्र म्हणजे कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आहे याची प्रचंड सूची; संगणकाच्या वेगामुळे तिची गैरसोय नाहीशी झाली. पायवाटा आखणाऱ्यांचा एक नवा व्यवसायच उदयाला येईल, अशी बुश यांची अपेक्षा होती. ती बऱ्याच अंशी अपुरीच राहिली.

पण निबंधातली माझ्या मते सर्वांत कमकुवत जागा पहिल्याच भागात आहे, आणि ती जीवशास्त्राच्या शिक्षकांना लगेच जाणवेल. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम एक पिढीभर जगाला अज्ञात राहिले, कारण ते समजू शकणाऱ्या मोजक्या लोकांपर्यंत त्याचा लेख पोहोचला नाही, असे बुश सांगतात. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. १८६६ मध्ये छापलेल्या त्या लेखाच्या ४० प्रती मेंडेलने वेगळ्या काढून घेतल्या होत्या. म्युनिकचे नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांना त्याने लेख पाठवला, आणि त्यानंतर १८७३ पर्यंत दोघांचा पत्रव्यवहार चालू होता. म्हणजे समजू शकणाऱ्या माणसापर्यंत लेख पोहोचला होता. नेगेलींनी त्याचे महत्त्व ओळखले नाही इतकेच. पुढे १८८१ मध्ये विल्हेल्म फोके यांनी वनस्पतींच्या संकरावरील आपल्या ग्रंथात मेंडेलचा उल्लेख केला, आणि १९०० साली मेंडेल पुन्हा उजेडात आला त्यात या उल्लेखाचाही वाटा होता. धनुष्याच्या उदाहरणात बुश यांना जे उमगले होते ते मेंडेलच्या उदाहरणात त्यांच्या हातून निसटले. कागद पोहोचवणे हे एक काम आहे. त्यात काय पाहायचे हे दाखवणे हे दुसरे.

आपण पहिल्या कामात अतोनात तरबेज झालो आहोत. कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्सची ‘इन्रिया’ ही संस्था यांतील संशोधकांनी २०१६ मध्ये ट्विटरवरून फिरणारे, पाच मोठ्या वृत्तसंस्थांच्या बातम्यांचे दुवे तपासले. त्यांतले ५९ टक्के दुवे कोणी एकदाही उघडलेले नव्हते. फेसबुकवरील साडेतीन कोटींहून अधिक सार्वजनिक दुव्यांच्या २०२४ च्या अभ्यासात तर असे दिसले, की सुमारे ७५ टक्के वेळा पुढे पाठवणाऱ्यानेच दुवा उघडलेला नव्हता. हे आकडे अमेरिकी आणि मुख्यतः बातम्या-राजकारणाचे आहेत. आपल्या शिक्षकांच्या गटांना ते जसेच्या तसे लावू नयेत. पण ‘अत्यंत उपयुक्त, अवश्य पाहा’ एवढ्याच शब्दांसह आलेली चाळीस मिनिटांची चित्रफीत पाठवणाऱ्याने स्वतः पाहिली आहे की नाही, हे ओळखण्याचा मार्ग आपल्यापाशीही नाही.

समजा, कोणी लंबकाच्या प्रयोगाची चित्रफीत पाठवली. सोबत एवढे लिहिले, की पहिली सात मिनिटे सोडून द्या, प्रयोग त्यानंतर आहे आणि चांगला दाखवला आहे, मात्र लांबी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजली आहे, ती मध्यापर्यंत मोजायला हवी, म्हणून ‘जी’ची किंमत कमी आली आहे, नववीला दाखवताना ही चूक मुलांनाच शोधायला लावावी. हे लिहायला तीन मिनिटे लागतील. पण आता तो दुवा म्हणजे बुश यांच्या अर्थाने पायवाट झाली. चित्रफीत उद्या नाहीशी झाली तरी पाठ घेण्यापुरता मजकूर हाती उरतो. पानाचे नाव, लेखक आणि आपण ते पाहिल्याची तारीख लिहिली तर आणखी बरे. महत्त्वाच्या पानाची प्रत ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर जतन करून ठेवण्याची सोयही आहे.

बालभारतीच्या पुस्तकांत पाठागणिक छापलेला क्यूआर कोड हाही एक दुवाच. तो तर डोळ्यांनी वाचताही येत नाही. त्याच्यापलीकडे प्रयोग आहे, व्याख्यान आहे की सराव प्रश्न आहेत, हे फोन नसलेल्या मुलाला कळत नाही. त्या चौकोनाखाली एक ओळ छापायला कागद जास्त लागला नसता.

बारावीच्या प्रकल्पांतही शेवटच्या पानावर दहा-बारा पत्ते ओळीने उतरवलेले असतात आणि आपण त्याला संदर्भसूची म्हणून गुण देतो. त्यातल्या कोणत्या पत्त्यावरून कोणते विधान घेतले, हे विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत विचारून पाहावे.

‘अटलांटिक’ मासिकाच्या संकेतस्थळावर बुश यांचा निबंध इंग्रजीत उपलब्ध आहे. त्याचे आठ भाग आहेत. छायाचित्रण, ध्वनिलेखन आणि गणनयंत्रे यांच्याविषयीचे दोन ते पाच हे भाग आता जुने झाले आहेत. यंत्रांच्या इतिहासाची आवड नसेल तर चाळले तरी चालतील. मेमेक्स सहाव्या भागात आहे, धनुष्याची पायवाट सातव्यात. मेंडेलविषयीचे वाक्य पहिल्या भागात आहे. ते बारावीच्या आनुवंशिकतेच्या पाठाबरोबर वाचावे आणि नेगेलींची हकीकत विद्यार्थ्यांना शोधायला सांगावी.