बोधपुत्र की कैवारी?

प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात लूक कुप्र बेटातील योसेफ नावाच्या एका लेव्याची ओळख करून देतो. प्रेषितांनी त्याला बर्णबा हे नाव दिले होते. त्या नावाचा लूकने ग्रीकमध्ये दिलेला अर्थ मराठीत ‘बोधपुत्र’ या शब्दाने आला व आपल्या मंडळ्यांत तोच रूढ झाला. या एका शब्दाने आपल्या प्रवचनांना जे वळण लावले आहे, त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

मूळ शब्द ‘पाराक्लेसिस’ होय. आपल्याजवळ बोलावणे हा त्याच्या धातूचा अर्थ. त्यातून विनवणी, उपदेश, सांत्वन व उत्तेजन अशा छटा निघाल्या. ‘बोध’ हे भाषांतर चुकीचे आहे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु बोध म्हटला की वर बसलेला वक्ता व खाली बसलेला श्रोता हेच चित्र मराठी मनापुढे उभे राहते. त्यामुळे आपल्या व्यासपीठावरील बर्णबा हा एक मधुरभाषी उपदेशक होऊन बसला आहे, आणि त्याच्यावरील प्रवचन ‘आपणही इतरांशी धीराचे चार शब्द बोलावेत’ येथवर येऊन थांबते.

लूकच्या वृत्तांतात या चित्राला फारसा आधार नाही. पेत्र, स्तेफन व पौल यांची दीर्घ भाषणे तो देतो. बर्णबाचे स्वतंत्र असे एकही भाषण देत नाही. लुस्त्र येथील उद्गार दोघांच्या मिळून आहेत, आणि अंत्युखियातील त्याचा उपदेश एका वाक्यात उरकला आहे. लूक सविस्तर सांगतो ती त्याची कृत्ये, आणि त्यांतील बहुतेकांना किंमत पडली आहे. त्याने शेत विकून पैसा प्रेषितांच्या चरणी ठेवला. शौल यरुशलेमेस आला तेव्हा शिष्य त्याला भीत होते. बर्णबाने त्याला प्रेषितांकडे नेले व त्याच्या वतीने साक्ष दिली. शौल कपटी निघाला असता, तर बर्णबाची पत गेली असतीच, शिवाय मंडळीवर संकट ओढवले असते. पुढे अंत्युखियातील काम वाढले, तेव्हा त्याने तार्सास जाऊन त्याच शौलाला शोधून आणले. त्यानंतर ‘बर्णबा व शौल’ हा क्रम बहुतेक ठिकाणी ‘पौल व बर्णबा’ असा होतो. ज्याला पुढे आणले तो आपल्याही पुढे गेला, याबद्दल बर्णबाने कुरकुर केल्याची नोंद कोठेही नाही.

याच धातूपासून योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्याला दिलेले नाव आले आहे, आणि तेथे मराठी भाषांतरकारांनी ‘कैवारी’ हा नेमका शब्द योजला. ग्रीकमध्ये सख्खे असलेले हे दोन शब्द मराठीत येताना परके झाले. कैवार दुरून घेता येत नाही. ज्याचा कैवार घ्यावा त्याच्या शेजारी उभे राहावे लागते, आणि त्याच्यावर येणारा रोष आपल्याही वाट्याला येतो. आत्मा आपला कैवार घेतो, म्हणून आपण दुसऱ्याचा घ्यावयाचा. उत्तेजन देणे हा विश्वासाचा आविष्कार ठरतो तो याच अर्थाने.

बर्णबाला निर्दोष ठरविण्याचे कारण नाही. योहान मार्कासाठी तो पौलाशी भांडला व दोघे वेगळे झाले. मार्क त्याचा भाऊबंद होता, हे कलस्सैकरांस पत्रावरून कळते. तेव्हा तो आप्ताचा कैवार होता, असा आक्षेप घेता येईल. गलतीकरांस पत्रात तर तोही अंत्युखियात ढोंगाच्या ओघात वाहवत गेल्याचे पौल लिहितो. परंतु तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मार्क सेवेसाठी उपयोगी असल्याची साक्ष आहे. भांडणात कोणाचे बरोबर होते, याचा निवाडा लूक करीत नाही. मार्क मात्र वाया गेला नाही.

असा कैवार ख्रिस्ती मंडळीपुरता नसतो, याचे उदाहरण मराठी वाङ्मयातच आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा तरुण कवी अहमदनगरला टिळकांच्या घरी घरच्यासारखा वावरताना दिसतो. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ म्हणून गौरविला गेलेला तो हाच. रेव्हरंड टिळक स्वतः नावाजलेले कवी असूनही त्यांनी त्याला आपल्या घरात जागा दिली. ठोंबरे शेवटपर्यंत हिंदूच राहिले. टिळकांच्या विश्वासाची ही साक्ष आम्हांस त्यांच्या प्रवचनांइतकीच मोलाची वाटते.

मराठी मुलखाच्या सीमेबाहेरील लहान मंडळ्यांत धर्मशिक्षक बहुधा एकटा असतो. वार्षिक सभेत त्याच्या निष्ठेची स्तुती होते, आणि तो परत जातो तो पहिल्यासारखाच एकटा. त्याच्यावर आरोप आला, त्याचे पहिले प्रवचन फसले किंवा त्याने काही नवे करून पाहिले, तर त्याच्या शेजारी कोण उभे राहते? स्तुतीला काही किंमत पडत नाही. म्हणूनच ती आपल्याकडे मुबलक आहे. यापुढे बर्णबावर प्रवचन तयार करणाऱ्याने ‘बोधपुत्र’ शब्दापाशी थांबावे आणि आपल्या मंडळीत सध्या कोणाला जामीन हवा आहे, हे आधी पाहावे. त्याच्याकडे जाऊन आल्यावर प्रवचन लिहिण्यास बसावे.