मूकपटातील विनोद आणि बेकेटचे वाक्य

सॅम्युअल बेकेट आणि विनोदी मूकपट यांच्या संबंधाची चर्चा बहुधा दोन गोष्टींपाशी थांबते : ‘वेटिंग फॉर गोदो’मधील टोप्यांची अदलाबदल, आणि १९६४ साली न्यूयॉर्क येथे चित्रित झालेल्या ‘फिल्म’ या लघुपटातील बस्टर कीटनची भूमिका. कादंबऱ्यांचा विचार मागेच राहतो. त्यांत जुनाट टोप्या व ओव्हरकोट विपुल आहेत, हे खरे. परंतु वेषावरून ऋण ठरवावयाचे तर कादंबरीतील प्रत्येक भटक्या चॅप्लिनचा वारस म्हणावा लागेल. प्रस्तुत लेखकाच्या मते हे ऋण वाक्यरचनेत शोधावयास हवे.

‘वॉट’ (१९५३) या कादंबरीतील नायकाची चाल पाहावी. पूर्वेस जाण्यासाठी तो धड उत्तरेस वळवितो आणि उजवा पाय दक्षिणेस फेकतो. मग धड दक्षिणेस, डावा पाय उत्तरेस. गुडघे वाकू शकतात, पण चालताना वाकत नाहीत. का, ते अज्ञातच राहते. ‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’ (१९२८) मध्ये घराची दर्शनी भिंत कीटनवर कोसळते आणि उघड्या खिडकीच्या जागी तो नेमका उभा असतो. चेहरा मात्र निर्विकार. दोन्हीकडे हसू भूमितीतून निघते, मनोव्यापारातून नव्हे. मूक प्रतिमेला ‘कारण’ हा शब्द उच्चारता येत नाही. ती केवळ क्रम दाखविते. बेकेट हे दारिद्र्य भाषेवर जाणूनबुजून लादतो.

‘मलॉय’ (१९५१) मधील सोळा दगड व चार खिसे यांचा प्रसंग मात्र या उपपत्तीस सहजी जुमानत नाही. तेथे ‘जर’, ‘तर’, ‘म्हणून’ यांची गर्दी आहे. एकाच वस्तूच्या सर्व शक्यता संपवीत नेणे ही युक्ती मूकपटाची खरी. पण पडद्यावर ती मिनिटभरात आटोपते, येथे पृष्ठेच्या पृष्ठे चालते, आणि वाचकाचा कंटाळा हाच विनोदाचा भाग बनतो. हे मूकपटास साधणारे नव्हते. बेकेटने १९३६ मध्ये मॉस्कोतील चित्रपटसंस्थेत प्रवेशासाठी आयझेन्स्टाइनला पत्र लिहिले होते. त्यावरून आस्था सिद्ध होते, ऋण नव्हे.

मराठीत हा चालीचा उतारा उतरविताना आपले ‘-ऊन’ प्रत्ययान्त कृदन्त आड येते. ‘धड वळवून पाय फेकतो’ म्हणताच पहिली क्रिया दुसरीची पूर्वतयारी ठरते, आणि तिला हेतू चिकटतो. ‘वळवितो आणि फेकतो’ हे कानाला ओबडधोबड लागते. तरी तेच ठेवावे.